खणाच्या आतले लाकूड : स्वस्त फळीचा इतिहास

१/ देवळ्यातील आमच्या जुन्या घरात आजोबांचे एक लिहिण्याचे टेबल आहे. दर्शनी बाजू सागाची, पॉलिश केलेली, पितळी कड्या लावलेली. यंदाच्या पावसाळ्यात त्याचा उजवा खण फुगला आणि अडकला. तो ओढून बाहेर काढला तेव्हा घरात वाद सुरू झाला. खणाच्या बाजू सागाच्या नव्हत्या, आंब्याच्या होत्या. आणि तळाला चक्क चहाच्या खोक्याची फळी होती. "म्हणजे आजोबांना सुताराने फसवले," असा निष्कर्ष घरात लगेच निघाला आणि टेबल भंगारात देण्याची भाषा सुरू झाली.

२/ इतिहासाची विद्यार्थिनी या नात्याने मी एवढेच सुचवले, की पुरावा फेकण्यापूर्वी तो वाचावा. समोर साग, आत आंबा, तळाला खोके, अशी निवड त्या सुताराने का केली असेल? या प्रश्नाचा माग काढताना गोव्याचे कारागीर, मुंबईची गोदी, डांगची जंगले, रामचंद्रपंत अमात्य आणि १९३० चा जंगल सत्याग्रह असे सगळे वाटेत भेटले. आजचा धागा त्याविषयी.

३/ आधी खणाविषयी. खण हा शब्द आपल्याकडे जुना आणि अनेकार्थी आहे. वाड्याच्या दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, चोळीचे कापड म्हणजे खण, आणि टेबलाचा ओढता कप्पा म्हणजेही खणच. यांतला तिसरा अर्थ मराठी घरात तुलनेने उशिरा रुळला. वस्तू ठेवण्यासाठी आपल्याकडे कोनाडा, देवळी, फडताळ, पेटी, पेटारा होते. कागद तर कापडात बांधले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील गठ्ठ्यांना आजही 'रुमाल' म्हणतात. मराठ्यांचा कारभार रुमालात बांधलेला होता. खणात ठेवलेला नव्हता.

४/ मात्र आपल्याच किनाऱ्यावर खणांचे फर्निचर सतराव्या शतकात तयार होत होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात 'कोंतादोर' नावाची कपाटे बनत. त्यांत लहानमोठे अनेक खण असत आणि ती युरोपात पाठवली जात. आज अशी कपाटे लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत दिसतात. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. वर दिसणारी नक्षी आबनुसाची, क्वचित हस्तिदंताची. आणि तिला पोटात घेणारे मूळ लाकूड सागाचे. म्हणजे ज्या सागाला आपण आज 'दर्शनी' मानतो, तो तिथे आबनुसाला आधार देणारा होता. कोणते लाकूड मिरवायचे आणि कोणते झाकायचे, हे स्थळकाळानुसार बदलत आले आहे.

५/ युरोपात हीच पद्धत सर्रास होती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये महोगनीची लाट आली. १७२१ साली ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयात कर उठवला, आणि जमैकासारख्या बेटांवर गुलामांच्या श्रमाने तोडलेली महोगनी लंडनच्या बाजारात येऊ लागली. परंतु ती लागे फक्त समोरच्या फळीला. खणाच्या बाजू चांगल्या कामात ओकच्या, स्वस्त कामात बाल्टिक किनाऱ्यावरून आलेल्या पाइनच्या. याला कोणी लबाडी म्हटले नाही. गिऱ्हाईकाला ते ठाऊक असे आणि किंमतही त्याच हिशेबाने ठरत असे.

६/ म्हणूनच फर्निचरचा इतिहास लिहिणारे अभ्यासक कपाट पाहताना आधी खण बाहेर काढतात. समोरची महोगनी सातासमुद्रापलीकडून आलेली असते, त्यामुळे ती कारागिराचा पत्ता सांगत नाही. आतले स्वस्त लाकूड बहुधा जवळपासचे असते. अमेरिकेत खणाच्या बाजू पांढऱ्या पाइनच्या निघाल्या तर अभ्यासकांची नजर न्यू इंग्लंडकडे वळते. ट्युलिप पॉपलरच्या निघाल्या तर दक्षिणेकडे. कोणीही मिरवण्यासाठी निवडले नाही, म्हणूनच हे लाकूड विश्वासार्ह साक्षीदार ठरते. आमच्या टेबलाचा पत्ताही त्या आंब्याच्या फळीवरच लिहिलेला होता.

७/ आता सुताराची बाजू ऐकू. खणाचे भाग तीन : समोरची फळी, बाजू आणि तळ. समोरच्या फळीला उन्हाचा, हातांचा आणि नजरेचा सामना करायचा असतो. बाजूंना झिजायचे असते, कारण खण त्यांच्यावरच सरकतो. तळाला फक्त वजन पेलायचे असते. तिन्ही कामे वेगळी, तर तिन्हींना एकच महाग लाकूड कशासाठी? शिवाय बाजू फार कठीण आणि जड असतील, तर खण ओढणाऱ्याचा हात दुखतो आणि ज्या चौकटीवर तो सरकतो ती लवकर झिजते.

८/ दुसरा मुद्दा ओलाव्याचा. लाकूड हवेतील ओल शोषते आणि फुगते, पण सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलत नाही. तंतूंना आडवे, म्हणजे रुंदीत, ते वाढते. खणाची बाजू आडव्या तंतूंची असते, म्हणून पावसाळ्यात तिची उंची वाढते आणि खण वर घासू लागतो. साग इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो, त्यात तेलाचा अंश असतो आणि वाळवी त्याला सहसा धरत नाही. आंबा अधिक फुगतो. अनुभवी सुतार म्हणून आंब्याच्या बाजूंना वरून थोडी जास्त फट ठेवतो.

९/ मग प्रश्न असा, की साग इतका महाग झालाच कसा, की तो आतून वापरणे परवडेना? याचे उत्तर समुद्रावर आहे. जहाजबांधणीला साग अत्यंत उपयुक्त. खाऱ्या पाण्यात तो टिकतो आणि लोखंडी खिळ्यांशी त्याचे ओकपेक्षा बरे जमते. १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरवलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

१०/ आरमाराच्या लाकडाचा प्रश्न इंग्रजांच्या आधी मराठ्यांनाही पडला होता, आणि त्यांचे उत्तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) आरमाराच्या प्रकरणात सांगितले आहे, की सागासारखी झाडे हुजुराच्या परवानगीने तोडून आणावीत, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. त्यानंतर येतात आंबा आणि फणस. यांचेही लाकूड आरमाराच्या कामाचे, हे अमात्यांना ठाऊक आहे. तरीही ती झाडे तोडू नयेत, अशी सक्त ताकीद आहे.

११/ का? कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकराप्रमाणे वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर मालकाची समजूत घालून, त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे; बळजोरी करू नये. आज बाजारात आंब्याचे लाकूड 'हलके' समजतात. आज्ञापत्रात त्याच आंब्याला राज्याच्या गरजेपुढेही संरक्षण आहे. लाकडाचा भाव आणि झाडाचे मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या अमात्याला पुरते उमगले होते.

१२/ कंपनी सरकारची रीत निराळी होती. १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना मलबारात जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमले गेले, तो मुख्यतः आरमाराला साग मिळावा म्हणून. सागावर सरकारी मक्ता बसला. लोकांचा रोष इतका वाढला, की १८२३ साली ते पदच रद्द करावे लागले. पुढे १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगलांचे पट्टे घेण्यात आले. देवळ्याहून पश्चिमेला कळवण, सुरगाणा ओलांडले की पलीकडे हीच डांगची वने लागतात. आमच्या भागात येणाऱ्या चांगल्या सागाचा एक उगम अशा रीतीने सरकारी हाती गेला.

१३/ पुढे रेल्वे आली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी, पुलांसाठी, स्टेशनांसाठी प्रचंड लाकूड लागू लागले. १८६५ च्या वनकायद्यानंतर आलेल्या १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची 'राखीव', 'संरक्षित' अशी वर्गवारी केली. मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन या झाडांवर सरकारचा खास दावा होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार रोखठोक केली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने साग महाग झाला, याचा अर्थ त्याचा केवळ भाव चढला असा नव्हता. तो साग शेतकऱ्याचा राहिलाच नव्हता.

१४/ शहरातली गरज मात्र वाढतच होती. ती भागवली ब्रह्मदेशाने. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' तिथला साग तोडून आणत असे. १८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने या कंपनीला मोठा दंड ठोठावला; तेच निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि थिबा राजाला पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवले. थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्या राजाच्या हद्दपारीमागे सागाच्या ओंडक्यांचाही हिशेब होता.

१५/ खेड्यातला सुतार यात कुठे होता? बलुतेदार सुताराचे मुख्य काम नांगर, वखर, पाभर, मोट आणि गाडी. लाकूड शेतकरी आणून देई, मजुरी धान्याच्या रूपाने सुगीला मिळे. म्हणजे लाकूड 'निवडणे' हा दुकानात जाऊन करायचा व्यवहारच नव्हता; बांधावर जे उभे असेल ते. गिरणेच्या काठचा आमचा मुलूख सह्याद्रीच्या पूर्वेकडचा, कमी पावसाचा. इथे बांधावर दिसतात बाभूळ आणि कडुनिंब, ओढ्याकाठी आंबा, जांभूळ, चिंच. टेबलखुर्चीची मागणी आली ती शाळा, कचेरी आणि नोकरीबरोबर, आणि त्याच सुताराने आपले ज्ञान खणाकडे वळवले.

१६/ त्याच्यापुढे असलेले पर्याय पाहा :
• बाभूळ : चिवट आणि कठीण. चाकाला, नांगराला उत्तम. खणाला फार जड, आणि खिळा मारताना फळी फाटण्याची भीती.
• काटेसावर : अतिशय हलकी, करवतीला मऊ. पण लवकर कुजते, कीड लागते. खोक्यांना ठीक.
• कडुनिंब : मध्यम वजनाचा, कडू असल्यामुळे कीड सहसा दूर राहते. कपड्यांच्या पेट्यांना जुन्या काळापासून पसंत.
• शिवण : फिकट, हलकी, वाळल्यावर फारशी वाकत नाही. खणाला माझ्या मते सर्वांत योग्य, पण बांधावर क्वचितच.
• आंबा : मुबलक, रुंद फळ्या निघतात, रंधा छान चालतो. नीट वाळवला नाही तर डाग पडतात आणि भुंगा लागतो.

१७/ आंबा का जिंकला, हे आता कळते. फळ देईनासे झालेले किंवा वादळात पडलेले झाड शेतकऱ्यापाशी असे. त्याला जंगल खात्याच्या लिलावाची गरज नव्हती. आंब्याच्या बाजू खणाच्या आत राहतात, तिथे पाऊस-ऊन नाही. त्यामुळे त्याचे दोष झाकले जातात आणि गुण उपयोगी पडतात. जे झाड आपले मुख्य काम करून निवृत्त झाले, त्याचे लाकूड स्वस्त मिळते. आज्ञापत्रातील जीर्ण झाडाची सवलत आणि आमच्या सुताराची निवड, दोन्हींच्या मुळाशी हाच विचार आहे.

१८/ तळाची गोष्टही अशीच. चहाची मोठी खोकी आसामातील कारखान्यांत प्लायवूडची बनत, आत चमकदार धातूचा पातळ पत्रा असे. चहा संपला की दुकानदार रिकामे खोके विकत असे. त्यातून कित्येक घरांत मांडण्या, कोंबड्यांची खुराडी आणि खणांचे तळ झाले. आमच्या खणाच्या तळाला खालून इंग्रजी अक्षरांचा अर्धवट ठसा अजून दिसतो. गंमत अशी, की शास्त्राच्या दृष्टीने हा तळ सागाच्या अखंड फळीपेक्षाही योग्य आहे. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फुगत-आकसत फारच कमी.

१९/ सागाचे राजकारण इथे संपत नाही. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत महाराष्ट्रात मिठाच्या जोडीला जंगलाचा कायदा मोडला गेला. जुलैमध्ये पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून सत्याग्रह केला. २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील बिळाशीच्या गावकऱ्यांनी जंगलातला साग तोडून त्याच्याच खांबावर तिरंगा फडकवला. सरकारच्या झाडावर लोकांचा झेंडा! त्या गावाला सागाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

२०/ स्वातंत्र्यानंतर १९६४ साली राज्यात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा आणि फणसही आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातील आंबाही परवानगीवाचून तोडता येत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सांगितले, की लाकूड शेतकऱ्यांच्या सहकार्याने लावून घ्या, नैसर्गिक जंगलाकडे पाहू नका. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने ईशान्येकडील लाकडाची वाहतूक रोखली. तेथील प्लायवूड उद्योगाला मोठा धक्का बसला आणि हरियाणातील यमुनानगरसारखी, शेतातल्या पॉपलर आणि निलगिरीवर चालणारी केंद्रे पुढे आली.

२१/ म्हणून आज कुणाला खण करून घ्यायचा असेल, तर दुकानात दिसणाऱ्या स्वस्त पर्यायांकडेही इतिहासाच्या नजरेने पाहता येते. रबरवुड म्हणजे केरळातील चीक आटलेली रबराची झाडे. साधारण पंचवीस-तीस वर्षे चीक दिल्यावर ती तोडतात. कीड लवकर लागत असल्यामुळे त्यावर वेळेवर प्रक्रिया झाली आहे ना, एवढे विचारून घ्यावे. सिल्व्हर ओक म्हणजे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेले झाड. प्लायवूड बहुधा कुठल्यातरी शेतकऱ्याच्या पॉपलरचे. सगळी एक तर निवृत्त झाडे, नाही तर शेतात लावलेली. स्वस्त असणे म्हणजे हलके असणे नव्हे.

२२/ आता घरचा शेवट. मिस्त्रीकाका आले, खण उलटा करून त्यांनी बराच वेळ पाहिला. मी विचारले, "काका, यात फसवणूक आहे का?" ते म्हणाले, "ताई, लाकूड खोटं नाही. जागा बघून वापरलंय." पावसाळ्यात रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडेल, असे सांगून त्यांनी तूर्त कडेला मेणबत्ती घासून दिली. एका बाजूची फळी मात्र भुंग्याने पोखरली होती, ती बदलणे भाग होते. दोन वर्षांपूर्वी वादळात बांधावरचा कडुनिंब पडला होता. त्याच्या फळ्या पडवीत वाळत होत्या. त्यांतलीच एक घेतली.

२३/ टेबल भंगारात गेले नाही. उजव्या खणात आता सागाची समोरची फळी, एक बाजू आंब्याची, एक कडुनिंबाची आणि तळ आसामच्या चहाचा आहे. पुढे कुणी अभ्यासकाने तो खण बाहेर काढला, तर त्याला आमच्या घराचा पत्ता शोधायला फार वेळ लागणार नाही.

२४/ तुमच्या घरी जुने टेबल, कपाट, मुनीमजींचे उतरते डेस्क किंवा शिवणयंत्राचा खण असेल, तर तो आज पूर्ण बाहेर काढून उलटा करून पाहा. बाजूंना कोणते लाकूड आहे? तळाला काही ठसा, सुताराची पेन्सिलची खूण, जुना खिळा दिसतो का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते झाड कुठे उभे होते. जे सापडेल ते खाली जरूर लिहा. धागा समाप्त.